तिसऱ्यांदा विचारल्यावर

मोहटोला, पोस्ट सौंदड
१२ सप्टेंबर २०२४

श्रीमती प्रेरणा यांस,

तुमची माझी ओळख नाही. मी पीयूषचा वडील, देवचंद. पोस्टात नोकरी करून निवृत्त झालो आहे.

पीयूषने कॉम्प्युटरवर जे काम पाठवलं होतं, त्याच्या खाली तुम्ही २३ ऑगस्टला लिहिलं आहे : "पंधरा दिवस उत्तर नाही. पीयूषला यात रस उरला नाही असं समजून हे बंद करते." माझी मुलगी पुष्पांजली हिने त्याचा लॅपटॉप उघडला आणि ते पान सडक अर्जुनीहून छापून आणलं. म्हणून कळवतो की पीयूष ७ ऑगस्टला सकाळी गावच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मारला गेला. वय सव्वीस. पाण्यावरून भांडण झालं. सहा जण अटकेत आहेत. मी मागून पोचलो.

त्याला रस उरला नव्हता हे बरोबर नाही. तेवढी नोंद दुरुस्त व्हावी, एवढीच विनंती आहे.

तुमचा पत्ता तुम्ही त्याला पाठवलेल्या टी-शर्टच्या पाकिटावरून घेतला. तो टी-शर्ट त्या दिवशी त्याच्या अंगात होता. सध्या पोलिसांकडे जमा आहे.

देवचंद


पुणे
२१ सप्टेंबर २०२४

आदरणीय काका,

तुमचं पत्र दोन दिवसांपूर्वी मिळालं. पीयूषला मी कधी प्रत्यक्ष भेटले नाही. दीड वर्षं आम्ही एकमेकांनी लिहिलेले कॉम्प्युटर प्रोग्राम तपासत होतो. तो मला ताई म्हणायचा, कारण मी मूळची दवनीवाड्याची, तुमच्याच जिल्ह्यातली. ते कळल्यापासून त्यानं माझ्याशी इंग्रजीत बोलणंच सोडलं. कामाच्या पानावर मात्र सगळं इंग्रजीतच लिहावं लागतं.

मी लिहिलेली ती ओळ मला पुसता येते. पण मी पुसली नाही. पुसली तर मी तसं लिहिलंच नव्हतं असं होईल. तिच्या खाली खरं काय ते लिहिलं आहे आणि त्याचं काम पुन्हा उघडलं आहे.

त्याच्या कामावर मी शेवटचे जे शेरे दिले ते कडक होते. "हे पाठवायच्या आधी तू चालवून तरी पाहिलंस का?" असं मी विचारलं होतं. तेच मनात राहिलं आहे.

माझ्याकडून काही होण्यासारखं असेल तर सांगा. काकूंना नमस्कार.

प्रेरणा


मोहटोला
३ ऑक्टोबर २०२४

चि. प्रेरणा,

तुमच्या शेऱ्याचं मनाला लावून घेऊ नका. मीही तीस वर्षं तपासणीला तोंड दिलं आहे. तपासणारा कडकच असावा.

एक काम आहे. पुष्पांजलीने ती पानं मला मराठी करून वाचून दाखवली. तुम्ही लिहिलं आहे की रिकामं उत्तर म्हणजे होकार धरू नकोस. त्यावर पीयूषने ६ ऑगस्टला उत्तर दिलं आहे : "आमच्या घरी गप्प म्हणजे हो. मी घरच्या रीतीनं लिहिलं. हवं तर बाबांना विचार, ते काही बोलणार नाहीत. उद्या दुरुस्त करतो." पुष्पांजली हे वाचताना हसली आणि मग उठून आत गेली.

ही रीत काय ते तुम्हाला सांगतो. तुम्ही दवनीवाड्याच्या, तेव्हा तुडुम माहीत असेल. तलावाच्या पाण्यात उभा केलेला दगडी खांब, त्याच्या भोकात लाकडी खुंटा ठोकलेला. सब्बलीने, म्हणजे लोखंडी पहारीने, खुंटा काढला की पाणी पाटात जातं. आमचा तलाव आमच्याच पूर्वजांनी बांधला. खुंटा काढायचा की नाही, हे आमच्या घरातल्या मोठ्या माणसाला विचारतात. पण उघडा असं त्यानं तोंडानं म्हणायचं नसतं. पाण्याला तोंडानं जा म्हटलं तर ते परत येत नाही असं मानतात. लोक पाळीवर येऊन तीनदा विचारतात. तिसऱ्यांदाही तो गप्प राहिला की उघडायचं. नको असेल तरच बोलायचं. माझ्या वडिलांनी असंच केलं आणि वीस वर्षं मीही असंच करत आलो.

आता त्या दिवसाचं. धानाच्या रोवणीत, ऐन लावणीच्या वेळी, पावसानं दडी मारली होती. शेवटाकडच्या वावरांत पाणी पोचत नव्हतं. त्या सकाळी खुंटा पक्का ठोकलेला दिसला. दुर्गाप्रसाद म्हणून एक आहे, त्याचं वावर अगदी शेवटी. आदल्या दिवशी पीयूषशी त्याची बोलाचाली झाली होती. पीयूष म्हणत होता की प्रत्येकाला तास ठरवून पाणी द्या, आणि पुण्याच्या लोकांसोबत काम करतो म्हणून दुर्गाप्रसाद त्याला म्हणाला की पुण्याचे तास पुण्यात ठेव. त्यामुळे खुंटा पीयूषनेच ठोकला असं त्याने धरलं. खुंट्याची सब्बल त्याच्या हातात होती. पहिला वार उजव्या गुडघ्यावर बसला. आवाज ओलं लाकूड मोडल्यासारखा झाला. पीयूष बसला तेव्हा दुसरा खांद्यावर, मग इतरांनी फावड्याच्या दांड्यांनी पाठीत मारलं. तो हातावर रांगत तुडुमाकडे सरकला. सातवा वार डोक्यावर बसला. त्यानंतर त्याचे पाय काही वेळ हलत होते. मग त्यांनी त्याला उताराने पाण्यात लोटलं. आता म्हणतात, तो दगडावरून घसरला.

माझा प्रश्न असा. माणूस समोर आहे पण बोलत नाही, आणि माणूस समोर नाहीच, या दोन गोष्टी यंत्राला वेगळ्या कळतात काय?

देवचंद


पुणे
१४ ऑक्टोबर २०२४

आदरणीय काका,

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते.

प्रोग्राम लिहिणारे आपल्या फायलींत रोज बदल करतात. आम्ही ज्या साधनावर काम करत होतो, ते प्रत्येक बदल जपून ठेवतं, कोणी केला आणि केव्हा केला त्यासकट. कितीही मागे जाऊन बघता येतं. पण जे अजून जपायला दिलेलं नाही, ते पुसलं की गेलंच. पीयूषनं लिहिलेला भाग तेवढ्यापुरता होता. पुसण्याआधी यंत्र विचारतं, "या फायली कायमच्या पुसू का?" समोरच्यानं हो किंवा नाही टाइप करायचं. कोणी काहीच न लिहिता नुसतं बटण दाबलं, तर पीयूषचा प्रोग्राम ते हो धरायचा. समोरचा खिडकी बंद करून निघून गेला तरी हो. या दोन गोष्टी यंत्राला वेगळ्या कळतात, काका. पहिल्यात माणूस आहे, त्याला पुन्हा विचारता येतं. दुसऱ्यात विचारायला कोणी नाही, तिथे थांबायचं.

मी त्याला लिहिलं होतं : पुन्हा विचार. तीनदा विचारूनही काही आलं नाही तर काहीही न पुसता बाहेर पड. जे परत आणता येत नाही, ते कोणाच्या गप्प राहण्यावर करायचं नाही.

आता दुसरी गोष्ट. ती लिहू की नको यात आठ दिवस गेले.

७ ऑगस्टला सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी पीयूषचा मला मेसेज आला. तो त्या पानावर नाही, माझ्या फोनवर आहे. जसाच्या तसा लिहिते :

"ताई, अर्धं झालं. पाळीवर आलो, इथंच रेंज भेटते. बाबा तुडुमाजवळ उभे आहेत. दुर्गाप्रसादभाऊ अन् चार-पाच जण त्याईले काहीतरी विचारून राहिले. बाबा बोलणार नाहीत. जाऊन पाहतो, मग उरलेलं करतो."

तुम्ही मागून पोचलात असं पहिल्या पत्रात लिहिलं आहे. पण दुसऱ्या पत्रात वार कितवा आणि कुठे बसला हेही लिहिलं आहे. मी यावर काही म्हणत नाही. मेसेज मी कोणाला दाखवलेला नाही. तो पोलिसांना द्यावा का, हे तुम्ही सांगा.

प्रेरणा


पुणे
१० नोव्हेंबर २०२४

आदरणीय काका,

माझं ऑक्टोबरचं पत्र मिळालं असेल. आईनं दवनीवाड्याहून सांगितलं की दुर्गाप्रसाद आणि आणखी एक जण दिवाळीच्या आधी जामिनावर सुटले. पाहिलेला साक्षीदार कोणी नाही, असं त्यांच्या वकिलानं सांगितलं म्हणे.

मेसेज देऊ का, हे पुन्हा विचारते.

प्रेरणा


पुणे
२ डिसेंबर २०२४

आदरणीय काका,

हे तिसरं. तुमच्या घरची रीत तुम्हीच मला सांगितलीत. मी ती पाळणार नाही. तुम्ही गप्प आहात याचा अर्थ मी हो असा घेत नाही, आणि नाही असाही घेत नाही. तुम्ही सांगाल तोवर मेसेज माझ्याकडेच राहील. मात्र मी विचारायचं थांबणार नाही.

प्रेरणा


मोहटोला
२९ डिसेंबर २०२४

चि. प्रेरणा,

अक्षर बघून घाबरू नये. डाव्या हाताने लिहितो आहे. पुष्पांजली म्हणाली, "बाबा, तुम्ही सांगा, मी लिहून देतो." पण हे तिला सांगायचं नाही. रोज चार ओळी होतात, म्हणून उशीर झाला.

तुमचं ऑक्टोबरचं पत्र मी वाचून पेटीत ठेवलं होतं. उत्तर द्यायचं नाही असंच ठरवलं होतं. माझं दुसरं काही चाललं होतं.

दुर्गाप्रसाद सुटून आला. तो रोज ट्रॅक्टर घेऊन आमच्या दारावरून जायचा. वाट तीच आहे. सुमित्रा, म्हणजे माझी बायको, ट्रॅक्टरचा आवाज आला की दार लावून घ्यायची. १६ नोव्हेंबरला तो त्याच्या वावरात एकटा धान कापत होता. मी कुऱ्हाड घेऊन गेलो. धार दोन दिवस आधी लावून ठेवली होती. पायात चप्पल घातली नाही, आवाज होऊ नये म्हणून. त्याच्या मागे चार हातांवर जाऊन उभा राहिलो. मानेवर मारायची, असं मनात पक्कं होतं. पण कुऱ्हाड उचलली जाईना. तेवढ्यात तो वळला.

"काका," तो म्हणाला. मग त्यानं कुऱ्हाड पाहिली. "मारता का जी?"

मी काही बोललो नाही.

"मारता का म्हणतो ना. बोला ना जी."

मी गप्प. खरं सांगतो, तेव्हा माझ्या मनात मारायचं उरलं नव्हतं. तेवढंच म्हणायचं होतं, आणि तोंड उघडलं नाही. तिसऱ्यांदा त्यानं विचारलं नाही. हातातला विळा त्यानं माझ्या मनगटावर ओढला. कुऱ्हाड आणि हात दोन्ही खाली गेले. रक्त धानाच्या पेंढीवर उडालं. दुसरा वार कोपराखाली लागला. मग तोच घाबरून ओरडत पळाला, "काकानं मले मारलं असतं, मी काय करू." मनगटाच्या दोन शिरा गेल्या. तीन बोटं आता वळत नाहीत.

मी दवाखान्यात पडून असताना तुमचं डिसेंबरचं पत्र पुष्पांजलीने वाचून दाखवलं. तिला त्याचा अर्थ लागला नाही. मला लागला.

आता ७ ऑगस्ट. मी मागून पोचलो नव्हतो. मी पहिल्यापासून तिथे होतो.

खुंटा मीच ठोकला होता. पहाटे उजाडताना. पीयूष सोबत होता, त्यानेच सब्बल धरून दिली. धान गर्भात येईल तेव्हा पाणी हवं, रोवणीत सगळं सोडलं तर पुढे चिखलही राहणार नाही, हा माझा हिशेब. तो मी कोणाला सांगितला नव्हता. सब्बल तिथेच पाळीवर राहिली.

पीयूष घरी चहाला गेला आणि ते सहा जण आले. दुर्गाप्रसादने सब्बल उचलली. "काका, खुंटा पीयूषनं ठोकला का जी?" त्यानं विचारलं. मी गप्प राहिलो. तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीवर मी हेच केलं. चिडलेल्या माणसाला उत्तर दिलं की तो अजून चिडतो, न दिलं की थोड्या वेळाने थंड होऊन जातो. दुसऱ्यांदा विचारलं, "काऊन बोलून नाही राहिले? तुमच्या पोरानंच ठोकला ना?" तोवर पीयूष पाळीवरून येताना दिसला, हातात फोन, अंगात तुमचा तो टी-शर्ट. "काय झालं बाबा?" म्हणत होता. तिसऱ्यांदा दुर्गाप्रसादने माझ्याकडे न पाहता त्याच्याकडे पाहून विचारलं. मी तेव्हाही बोललो नाही. दुर्गाप्रसाद मागे वळून बाकीच्यांना म्हणाला, "काका बोलले नाही. झालं."

त्या वेळी मला समजलं की पाळीवर उभा करून मला तीनदा विचारलं आहे.

गुडघ्यावर वार बसला तेव्हा पीयूष म्हणाला, "बाबा, सांगा ना." एवढंच. खुंटा कोणी ठोकला ते त्याला ठाऊक होतं. माझं नाव घेतलं असतं तर ते थांबले असते. त्यानं घेतलं नाही. माझ्याकडे बघून दोनदा म्हणाला, सांगा ना. मग खांद्यावरच्या वारानंतर त्याला बोलता येईना. तोवर मी बोलायला लागलो होतो. मी ठोकला, मी ठोकला असं म्हणत होतो. दुर्गाप्रसादचा हातही धरला. त्यानं मला झटकलं आणि मी पाटात पडलो. पुढचे वार तिथूनच पाहिले. उठलो तेव्हा पीयूष पाण्यात होता. मीच त्याला बाहेर ओढला. डोक्याला हात लावला तर कवटी बोटाखाली हलत होती.

तीन दिवसांनी पाऊस आला. तलाव भरून सांडव्यावरून दोन दिवस पाणी वाहत होतं.

पोलीस घरी येऊन जबाब घेत होते तेव्हा सुमित्रा माझ्या शेजारी बसली होती. तिनेच आधी विचारलं, "तुम्ही कुठी होते जी?" मी म्हणालो, मागून आलो. मग जबाबात तेच लिहिलं गेलं. तिचा त्यावर विश्वास आहे. तो पहिला प्रश्न पोलिसांनी विचारला असता तर काय सांगितलं असतं, मला माहीत नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर : मेसेज द्या. हो.

देवचंद


पुणे
११ जानेवारी २०२५

आदरणीय काका,

पत्र मी तीनदा वाचलं आणि बंद करून ठेवलं. कोणाला दाखवणार नाही.

मेसेज तपास अधिकाऱ्यांना पाठवला आहे. त्यांनी माझा फोनही पाहायला मागितला, तोही दिला. पण त्या मेसेजमधून एवढंच कळतं की तुम्ही पाळीवर होता. काय झालं ते फक्त तुम्हाला माहीत आहे. तुम्ही सांगितलं तर तुमचा आधीचा जबाब खोटा होता हे उघड होईल, वकील त्यावरूनच तुम्हाला धरतील. कुऱ्हाडीचंही निघेल. आणि काकू तिथे असतील. हे सगळं तुम्हाला माझ्याआधी दिसलं असणार.

तुम्ही बोलला असता तर, असं मी म्हणणार नाही. मारणारे सहा जण होते आणि हातात सब्बल त्यांच्या होती. पण तुम्ही गप्प राहिलात हेही मी खोडून काढणार नाही. तुम्हाला ते चालणार नाही, असं वाटतं.

पीयूषचं काम मी पुरं केलं. तो अर्ध्यावर होता, पण ते अर्धं बरोबर होतं. पुन्हा विचारणारा भाग त्याचाच आहे. मी फक्त शेवटचं थांबणं लिहिलं. नोंदीत लेखक म्हणून त्याचं नाव आहे, ७ ऑगस्ट तारीख आहे, आणि तपासणारी म्हणून माझं. ती नोंद आता कोणाला बदलता येत नाही.

प्रेरणा


मोहटोला
१९ नोव्हेंबर २०२५

चि. प्रेरणा,

या वर्षात मी तुला दोन-चार ओळींचीच कार्डं टाकली, कारण सांगण्यासारखं काही झालं नव्हतं. आता झालं आहे. परवा गोंदियाच्या कोर्टात माझी साक्ष झाली.

सरकारी वकिलांनी विचारलं, घटनेच्या वेळी तुम्ही कुठे होता? मी म्हणालो, तुडुमाजवळ, सहा हातांवर. मग सगळं सांगितलं, तुला लिहिलं होतं त्याच क्रमाने. सब्बल टेबलावर ठेवली होती. तिला चिठ्ठी बांधली आहे. ओळखता का, विचारलं. ती माझ्याच घरची आहे, टोक माझ्या वडिलांनी घडवून घेतलं, असं सांगितलं. टी-शर्टही दाखवला. निळा होता, आता काळा दिसतो.

दुर्गाप्रसादचा वकील दीड तास उभा होता. आधी खोटं बोललात की आता बोलताय? आधी. का? बायको शेजारी बसली होती म्हणून. कुऱ्हाड घेऊन माझ्या अशिलाला मारायला गेला होता, हे खरं काय? हो. मग पोरालाही कशावरून तुम्हीच मारलं नाही? मी म्हणालो, नाही. तो म्हणाला, तुम्हाला तीनदा विचारलं, तुम्ही नाही म्हणाला नाहीत, म्हणजे तुम्ही त्यांना हो म्हणालात, बरोबर? न्यायाधीश त्याला थांबवणार होते. मी म्हणालो, मला उत्तर द्यायचं आहे. मग म्हणालो, मी काहीच म्हणालो नाही. तो माझा दोष आहे. पण ते उत्तर नव्हतं, आणि त्यांना पुन्हा विचारता येत होतं. दुर्गाप्रसाद खाली बघत बसला होता. पूर्ण वेळात त्यानं एकदाच मान वर केली. निकाल अजून लागायचा आहे. माझ्यावरही कुऱ्हाडीचा गुन्हा आहे, त्याची तारीख पुढच्या महिन्यात आहे. मी काही नाकारणार नाही.

सुमित्रा मागच्या बाकावर होती. पुष्पांजली तिच्या शेजारी. खुंटा मी ठोकला, हे मी म्हणालो तेव्हा मला तिच्याकडे बघवलं नाही. "बाबा, सांगा ना" हे पीयूषचं बोलणं सांगितलं तेव्हा मागून बांगड्यांचा आवाज आला. पुष्पांजली नंतर म्हणाली की आईनं तोंडावर हात दाबून धरला होता.

परत येताना बसमध्ये ती खिडकीशी बसली. घरी आल्यावर चूल पेटवली, भात टाकला. माझं ताट नेहमीच्या जागी वाढलं. उजव्या हाताने खाता येत नाही म्हणून ती वर्षभर भात कालवून देते, तसा कालवून दिला. मग भिंतीला टेकून बसली.

मी विचारलं, "सुमित्रा, मी या घरात राहू काय?"

एकोणचाळीस वर्षांत मी तिला असं काही कधी विचारलं नव्हतं. ती माझ्याकडे बघत राहिली. बोलली नाही. मी जेवलो नाही, तसाच बसून राहिलो. काही वेळाने पुन्हा तेच विचारलं. ती उठून आत गेली.

त्या रात्री तिसऱ्यांदा विचारलं नाही. आमच्या घरी तिसऱ्यांदाच्या गप्प राहण्याचा अर्थ काय होतो, हे तिलाही माहीत आहे, आणि तो मला तिच्याकडून अशा रीतीने घ्यायचा नाही. ताट झाकून ठेवलं आणि ओसरीवर अंथरूण घातलं. काल एकदा विचारलं, आज सकाळी एकदा विचारलं. ती बोललेली नाही. मी अर्थ लावलेला नाही. उद्या परत विचारीन.

देवचंद